कुठलं बेलापूर?

बीकेसीच्या भुयारी मेट्रो स्टेशनात मी भांग पाडत होतो. दोष काचेचा. इथे फलाटाच्या कडेला खालपासून वरपर्यंत काचेचे दरवाजे आहेत; गाडी नसली की मागे काळोख आणि पुढे आपण. एवढा आरसा गावच्या केशकर्तनालयातही नाही. भांग मनासारखा पडला आणि नेमकी गाडी आली. दार उघडलं तेव्हा डबाभर लोक माझ्याकडे बघत होते.

"मामा, कंगवा," भाचा कुजबुजला. त्याचं ऑफिस वरच, हिरेबाजाराच्या बाजूला. सोबतच्या सहकाऱ्याने विचारलं, "मामा कुठले?"

"बेलापूर!" मी छाती काढून म्हणालो.

"अच्छा, हार्बरने आलात."

"नाही रे, श्रीरामपूरजवळचं," भाच्याने घाईने खुलासा केला.

आता मला अडवू नका. दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली. तिने स्टेशनला नाव आमच्या गावाचं दिलं आणि स्टेशन बांधलं पाच-सहा किलोमीटर लांब. त्याच्याभोवती श्रीरामपूर वाढलं, बाजारपेठ झालं, तालुका झालं. आम्ही त्या तालुक्यातलं एक गाव. लग्नाचे पाहुणे बेलापूरचं तिकीट काढतात, श्रीरामपुरात उतरतात आणि फोन करतात, "पोचलो, मांडव कुठाय?" उरलंसुरलं नाव नवी मुंबईने नेलं, वर त्याला सीबीडी जोडलं. म्हणजे धंदा त्यांचा, स्टेशन श्रीरामपूरचं. आमच्याकडे प्रवरा राहिली, तीही उचलून नेता येत नाही म्हणून.

आणि ही मेट्रो! साडेतेहेतीस किलोमीटर, 27 स्टेशनं, त्यातली 26 जमिनीखाली. बीकेसी सोडलं की धारावीच्या बाजूला गाडी चक्क मिठी नदीखालून जाते. नदीखालून बोगदा काढणाऱ्या देशात एक स्टेशन आपल्या गावात असू नये?

भाच्यावर मी चिडलो नाही. रोज कोण भूगोल शिकवत बसणार? पण हा पोरगा सुट्टीत आजोळी यायचा, प्रवरेत पोहायला शिकला तो माझ्याच हातावर. त्याने 'जवळचं' म्हणावं, हे लागलं. मी काही बोललो नाही. कंगवा खिशात घातला.

तुम्ही मात्र एकदा या. तिकीट बेलापूरचंच काढा, सीबीडीवालं नको. उतरल्यावर सगळीकडे श्रीरामपूरच्या पाट्या दिसतील. घाबरू नका, स्टेशन बरोबर आहे. बाहेर रिक्षावाल्याला 'बेलापूर गाव' म्हणा. तो 'कुठलं?' असं विचारत नाही.