पन्नास म्हणजे किती?

गेल्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये माझ्यापुढे एक पार्सल पोचवणारा मुलगा उभा होता. हेल्मेट काखेत. हात बाहीच्या वर एका रंगाचा, बाहीखाली दुसऱ्याच. "दादा, उन्हाचं क्रीम दाखवा ना, स्वस्तातलं." दुकानदारानं काचेवर तीन नळ्या मांडल्या. एक दीडशेच्या आतली, एक तीनशेची, एक सहाशेच्या पुढची. तिन्हींवर ठळक अक्षरांत एकच आकडा: एसपीएफ ५०. मुलानं तिन्ही उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, "सगळ्यांवर पन्नासच आहे, मग फरक काय?"

"कंपनी वेगळी," दुकानदार म्हणाला.

मुलानं स्वस्तातली घेतली आणि गेला. त्याचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. तीन नळ्यांवरचे तीन पन्नास खरोखर पन्नास आहेत का, हे त्याला कुणी सांगायचं?

आधी पन्नास म्हणजे काय ते पाहू. हा आकडा माणसांच्या पाठीवर ठरतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार किमान दहा जणांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका थर लावतात, कृत्रिम उन्हाचा दिवा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी कातडी कुठे लाल झाली ते बघतात. क्रीम लावलेली कातडी लाल व्हायला उघड्या कातडीच्या पन्नासपट मात्रा लागली, तर एसपीएफ ५०. यात मोजली जाते ती मुख्यतः कातडी भाजणारी यूव्हीबी किरणं. पंधराचं क्रीम त्यातली सुमारे ९३ टक्के अडवतं, तीसचं ९७, पन्नासचं ९८. म्हणजे खरं तीस मिळालं तरी आपल्यापैकी बहुतेकांचं काम भागतं. पन्नास आणि सत्तरच्या शर्यतीत पैसे घालायची गरज नाही. खरी भीती वेगळी आहे. नळीवर पन्नास असेल आणि आत दहाच भरलं असेल, तर?

ऑस्ट्रेलियात नेमकं हेच झालं. तिथे सत्तरी गाठेपर्यंत तीनपैकी दोन माणसांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो, त्यामुळे सनस्क्रीनकडे ते औषधासारखं बघतात आणि कायदाही कडक आहे. तरीही जून २०२५ मध्ये 'चॉइस' या ग्राहक संस्थेनं बाजारातली २० सनस्क्रीन तपासून घेतली, तेव्हा १६ आपल्या आकड्यापर्यंत पोचली नाहीत. 'अल्ट्रा व्हायोलेट' या नामांकित कंपनीच्या पन्नास अधिकच्या एका क्रीमचा आकडा आला चार. पन्नास डॉलरहून महाग क्रीम, आणि चार! संस्थेनं ते जर्मनीतल्या प्रयोगशाळेकडे पुन्हा पाठवलं, तिथे आला पाच. कंपनीनं आधी निकाल नाकारला आणि ऑगस्टमध्ये ते क्रीम बाजारातून मागे घेतलं. पुढे सरकारी चौकशीत दिसलं, की तेच मूळ मिश्रण वीसच्या आसपास वेगवेगळ्या नावांनी विकलं जात होतं. आणि ज्या चाचणीच्या भरवशावर नळ्यांवर पन्नास छापलं होतं, ती कंपन्यांनीच पैसे देऊन करवून घेतलेली होती.

त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, ती मला चारच्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. जी चार क्रीम पास झाली, त्यांत तिथल्या कर्करोग संस्थेचं लहान मुलांसाठीचं साधं क्रीम होतं. त्याच संस्थेची दुसरी क्रीम नापास झाली. म्हणजे किंमत बघून खरंखोटं कळत नाही, आणि नाव बघूनही कळत नाही. कळतं ते फक्त कुणीतरी तिऱ्हाइतानं दुकानातून नळी उचलून तपासली तर.

आपल्याकडे ही नळी कोण उचलतं?

आपल्या कायद्यात सनस्क्रीन हे औषध नाही, सौंदर्यप्रसाधन आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे नियम त्याला लागू होतात. उत्पादनाचा परवाना राज्य सरकार देतं. खोटा दावा करू नये, असं नियम सांगतातच. पण चाचणी कुठे केली, किती माणसांवर केली, आकडा किती आला, हे ग्राहकासमोर मांडायची सक्ती कंपनीवर नाही. हेल्मेटवर आयएसआयची खूण सक्तीची, प्रेशर कुकरवर सक्तीची. सोन्याच्या बांगडीवरचा सहा अक्षरांचा क्रमांक मोबाइलमध्ये टाकला की तिची शुद्धता समोर येते. सनस्क्रीनच्या नळीवरच्या पन्नासला असं काहीही विचारता येत नाही. तो कंपनीचा शब्द आहे, आणि आपण तो तोंडाला लावतो.

एप्रिल २०२५ मध्ये हा प्रश्न आपल्या दारात आला होता. हिंदुस्तान युनिलिव्हरनं लॅक्मेची जाहिरात केली, की ऑनलाइन खूप खपणारी काही सनस्क्रीन पन्नास म्हणवतात आणि चाचणीत वीसच भरतात. ही जाहिरात आपल्याकडे बोट दाखवते, म्हणून 'द डर्मा को' या ब्रँडची मालक होनासा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली. फलक उतरवायचं ठरलं, जाहिरात बदलायचं ठरलं, समाजमाध्यमांवरचा मजकूर काढायचं ठरलं. दोन्ही कंपन्यांचे वकील आपापलं काम करून घरी गेले. वीस की पन्नास, हा मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहिला. तो ग्राहकाचा प्रश्न होता आणि ग्राहक त्या खटल्यात पक्षकारच नव्हता. त्या दिवशी अन्न व औषध प्रशासनानं पुढे येऊन सगळ्यांच्या नळ्या उचलायला हव्या होत्या. दोन मोठ्या कंपन्या एकमेकींच्या आकड्यावर उघड शंका घेतात, याहून मोठी तक्रार यंत्रणेला कुठली हवी होती?

आता पैशाची बाजू, कारण त्या मुलाचा प्रश्न तिथून सुरू झाला होता. चाचणीतला दोन मिलिग्रॅमचा थर चेहऱ्यावर आणि मानेवर द्यायचा तर तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची रेघ ओढावी लागते. वजनात हे ग्रॅम-सव्वा ग्रॅम होतं. दिवसभर उन्हात असणाऱ्यानं दर दोन तासांनी पुन्हा लावावं असं डॉक्टर सांगतात. ते सोडा, दोनदाच लावलं असं धरा. पन्नास ग्रॅमची नळी वीस दिवसांत संपते. सहाशेची नळी असेल तर दिवसाला तीस रुपये, दीडशेची असेल तर साडेसात. हात यात धरलेलेच नाहीत. म्हणून महागडी नळी घरात आली की माणूस वाटाण्याएवढं क्रीम घेऊन तोंडभर पसरतो आणि नळी तीन महिने पुरवतो. अर्धा थर लावला की संरक्षण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, पाव थराला तर नावालाच उरतं. नळीवरचा पन्नास खरा असला तरी चेहऱ्यावर तो पोचतच नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. जी नळी हात आखडता न घेता रोज दोनदा लावणं परवडेल, तीच आपली. छापील किमतीला ग्रॅमनं भागून बघा आणि मग ठरवा. मोठी बाटली बहुतेक वेळा ग्रॅमामागे स्वस्त पडते.

घेताना पुढचा मोठा आकडा सोडा आणि नळी उलटी करा. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, उत्पादकाचा पूर्ण पत्ता यांतलं एकही नसेल तर ती परत ठेवा, किंमत कितीही कमी असू दे. आठवडे बाजारात आणि रेल्वे स्टेशनबाहेर अशा बिननावाच्या नळ्या मिळतात, त्या चेहऱ्याच्या जवळही नेऊ नका. मग 'पीए' शोधा. ही जपानी मोजणी आहे, यूव्हीए किरणांसाठी. ही किरणं खिडकीच्या काचेतूनही आत येतात आणि आपल्या सावळ्या कातडीवर वांग आणि डाग गडद करण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. एसपीएफ त्यांच्याबद्दल फारसं काही सांगत नाही. 'पीए'पुढे अधिकची (+) निदान तीन चिन्हं हवीत, चार असतील तर उत्तम. चाचणी माणसांवर केली की नुसती यंत्रावर, हे काही कंपन्या लिहितात. माणसांवर केल्याचं लिहिलं असेल त्यांना झुकतं माप द्या. ऑस्ट्रेलियानं दाखवलंच आहे की तेही पुरेसं नाही, पण काहीच न सांगणाऱ्यापेक्षा बरं. 'दिवसभर संरक्षण' असं लिहिलं असेल तर ती कंपनी तुमच्याशी खरं बोलत नाही. घामानं निथळणाऱ्या माणसाच्या तोंडावर कुठलंच क्रीम दिवसभर टिकत नाही.

नळीशिवायचं संरक्षणही आहे आणि त्याचा आकडा खोटा असू शकत नाही. पुण्यात स्कूटीवरच्या मुली तोंडाला घट्ट स्कार्फ बांधतात, त्यावर बाहेरगावच्या लोकांनी खूप चेष्टा केली. त्या मुली बरोबर आहेत. जाड विणीचं, गडद रंगाचं सुती कापड चेहऱ्यावर दिवसभर राहतं, दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही आणि धुतलं की उद्या परत तयार. फक्त उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसणारी ओढणी उपयोगाची नाही, आणि पातळ पांढरा टी-शर्टही नाही. ओला झाला तर त्याचं संरक्षण आणखी घटतं. शेतात खुरपणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तो या हिशेबात कुठल्याही क्रीमच्या पुढे आहे. सकाळी दहा ते दुपारी चार हे तास टाळता आले तर टाळा. त्या मुलाला ते टाळता येत नाहीत, त्याच तासांत त्याच्या ऑर्डर येतात.

ज्यांना क्रीमशिवाय इलाजच नाही अशी माणसंही आहेत. ल्युपसचे रुग्ण, ज्यांचा आजार उन्हानं भडकतो. कोड असलेले, ज्यांच्या पांढऱ्या डागांवर रंगद्रव्याची ढाल नाही. जन्मापासूनच त्वचेत रंगद्रव्य नसलेली मुलं. त्यांच्यासाठी ही नळी म्हणजे रोजची गरज आहे. तिच्यावर सरकार काय आकारतं? १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये दर कमी झाले तेव्हा टाल्कम पावडर आणि चेहऱ्याची पावडर ५ टक्क्यांवर आली. सनस्क्रीन मेकअपच्या रांगेत १८ वरच राहिलं. पावडर उन्हापासून वाचवत नाही. हा दर उलटा आहे आणि तो बदलायला हवा.

आणि तपासणीसाठी कुणाची वाट बघायचीही गरज नाही. याच १९४० च्या कायद्यात कलम २६ आहे. कुठलाही नागरिक किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना शुल्क भरून औषध किंवा सौंदर्यप्रसाधन सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते, आणि सहीनिशी अहवाल मिळवू शकते. मुंबई ग्राहक पंचायतीला माझी जाहीर विनंती आहे. यंदाचा उन्हाळा सुरू होण्याआधी मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांतून सगळ्यात जास्त खपणाऱ्या वीस नळ्या विकत घ्या, बिलं जपून ठेवा आणि कलम २६ खाली अर्ज करा. एसपीएफ मोजायची सोय नाही असं उत्तर आलं, तर ते उत्तरही लेखी घ्या आणि छापा. नळ्यांच्या खर्चासाठी वर्गणी लागली तर या सदराचे वाचक देतील. पहिले पाचशे रुपये माझे.