चौदा पॉइंट सात

तुमच्याही इमारतीत तो असणारच. रविवारी सकाळी गाडीच्या मागे उकिडवा बसतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी नाक नेतो, तो. लालबागच्या आमच्या इमारतीत पोरं त्याला ‘लॅम्डा’ म्हणतात. त्याला ते आवडतं, हीच मोठी अडचण.

एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. मला हे कळण्याची काही गरज नव्हती, पण याने जिन्यात गाठून माझ्या गळी उतरवलं. पेट्रोल जास्त झालं की ‘रिच’, कमी पडलं की ‘लीन’. तेव्हापासून सगळ्या जगाला हा त्याच आकड्याची पट्टी लावतो. आमच्याकडे चहा घेताना म्हणतो, “वहिनी, साखर रिच झाली. चौदा पॉइंट सातला आणा.” चिवडा गल्लीतल्या चिवड्यात दाणे कमी निघाले की, “लीन चाललाय.” इमारतीतलं एक ठरलेलं लग्न मोडलं. सगळे मान खाली घालून बसले होते. हा म्हणाला, “मुळात मिश्रणच चुकलं होतं.”

गाडी म्हणाल तर जुनी झेन. तिचा कॅमशाफ्ट याने बदलला, वर मोठा एअर फिल्टर चढवला. मग पेट्रोल किती सोडायचं ते नव्याने बसवणं आलं. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर या कामाचा नाही. ०.४५ व्होल्टच्या वर गेला की रिच, खाली आला की लीन. मुलगी बघायला आलेल्या मामासारखा ‘पसंत’ नाहीतर ‘नापसंत’, किती पसंत ते विचारायचं नाही. फुल थ्रॉटलला मिश्रण साडेबाराच्या आसपास लागतं आणि तिथे नेमका आकडा हवा. म्हणून नेमका आकडा देणारा वाइडबँड सेन्सर.

आता बॉशचा एलएसयू ४.२ की ४.९? या प्रश्नावर त्याने अख्खा पावसाळा काढला. ऑपेरा हाऊसचे स्पेअर पार्टवाले त्याला लांबून बघून जेवायला उठू लागले. ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते, ४.९ ला लागत नाही. शेवटी ४.९ आला. “लालबागच्या हवेशी तुलना करून काय कळणार?” असं त्याने विचारलं. त्या दिवसांत तो जे बोलला त्यातलं हे एकच वाक्य सगळ्यांना पटलं.

बसवायची वेळ आली ती नेमकी गणपतीच्या तोंडावर. सगळे वेल्डर मंडपांत अडकलेले. याने मंडपातलाच एक पळवला. १८ मिलिमीटर आट्यांचा नट पाइपावर वेल्ड करायचा, तोही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे. सेन्सर आडव्या रेषेच्या निदान दहा अंश वर हवा, म्हणजे पाइपातलं पाणी त्यात साचत नाही. तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की तडा. लॅम्डा मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन गाडीखाली शिरला. वेल्डर म्हणाला, “दादा, एवढ्या मापात आम्ही मखराचा कळस पण नाय बसवत.”

गणपती बसले तरी पाइपाच्या पुढच्या जोडातून हवा ओढली जात होती. असं झालं की सेन्सर उगाच लीन दाखवतो. मंडपातल्या एका पोराने मदत म्हणून सिलिकॉनची ट्यूब पुढे केली. सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर मरतो. लॅम्डा असा किंचाळला की शेजारच्या मंडळाची आरती मधेच थांबली. थांबलेली आरती पुन्हा सुरू झाल्यावर म्हणतो, “टाळ जरा रिच आहेत. चौदा पॉइंट...” लोकांनी त्याला बाहेर काढलं.

सेन्सर चालला. मीटर हिरवा पेटला. पण भारतमाता टॉकीजपासून परळपर्यंतच्या गर्दीत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. पेट्रोल किती सोडायचं त्या तक्त्यातला फुल थ्रॉटलचा रकाना अजून कोरा आहे.

आणि मग पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, हवा कमी लागते. चौदा पॉइंट सातचा आकडा साडेतेराच्या आसपास उतरला. लॅम्डा चहाला यायचा बंद झाला. शेवटी मीच वर गेलो.

“सेन्सरला आकडा ठाऊकच नसतो,” तो म्हणाला. “ऑक्सिजन उरला की कमी पडला, एवढंच तो बघतो. लागते तेवढीच हवा मिळाली तर लॅम्डा एक, पेट्रोल कुठलंही घाला. चौदा पॉइंट सात आपण धरून बसलो होतो.” मग न विचारता वडिलांचं सांगू लागला. ते गिरणीत बॉयलरवर होते. खाली अंगणात उभे राहून धुराड्याकडे बघायचे आणि धूर काळा दिसला की हवा वाढवायला सांगायचे. १९८२ चा संप झाला, बॉयलर कायमचा थंडावला. पुढे कितीतरी वर्षं ते चुलीपासून फटाक्यांपर्यंत मिळेल त्या धुराला नावं ठेवत बसायचे. घरच्यांना वैताग यायचा, म्हणाला. मी काही बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं, त्याच्या चहात साखर बेताची घाल.

परवा पीयूसीला आमच्या गाड्या मागेपुढे होत्या. तिथल्या माणसाने नळी सायलेन्सरला नुसती दाखवली आणि तो कागद छापायला वळला. लॅम्डाने त्याचा हात धरला, नळी नीट आतपर्यंत घालायला लावली, इंजिन तापू दिलं, रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबला. गाडी नापास झाली. “बरोबर आहे,” तो म्हणाला, “आयडलला रिच आहे,” आणि खूश होऊन घरी गेला. त्याच्यामुळे फार वेळ मोडला म्हणून रांगेतल्या बाकीच्या गाड्या त्या माणसाने नळी न लावताच पास केल्या.