आधी वेलांटी, मग अक्षर

जीन्सच्या उजव्या खिशात आणखी एक इवलासा खिसा असतो. तो होता घड्याळासाठी. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना तांब्याच्या रिव्हेटचं पेटंट मिळालं १८७३ साली, तेव्हा माणसं साखळीचं घड्याळ बाळगत. घड्याळ मनगटावर गेलं, तिथून मोबाइलमध्ये गेलं, खिसा अजून शिवला जातोय. शिवू दे. त्यानं कुणाचं काही अडत नाही.

त्याच १८७३ मध्ये रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीनं टाइपरायटर बनवायला घेतला. त्या यंत्राची सवय मात्र मराठीला आजही महाग पडतेय.

माझी भाची टायपिंगच्या क्लासला जाते. सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीत मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. परवा ती ‘किती’ हा शब्द टाइप करत होती. आधी पहिली वेलांटी, मग क, मग त, मग दुसरी वेलांटी.

“वेलांटी आधी का गं?”

“मामा, क्लासमध्ये असंच शिकवतात.”

कारण साधं आहे. टाइपरायटर डावीकडून उजवीकडे ठोकत जायचा आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते. ण हवा तर आधी अर्धा ण्, मग काना, कारण कळा मोजक्याच. लोखंडी यंत्राची ती अडचण खरी होती. पण भाचीसमोर संगणक आहे. युनिकोड या संगणकाच्या अक्षरप्रमाणात आधी क साठवला जातो, मग वेलांटी. आपण उच्चारतो त्याच क्रमानं. पोरीची बोटं उलटं टाइप करतात आणि सॉफ्टवेअर ते सुलटं करत बसतं.

जुन्या फाँटनी याहून मोठं नुकसान केलं. रोमन अक्षरांच्या जागी त्यांनी टाइपरायटरचेच तुकडे बसवले, अर्धी अक्षरं, काने, मात्रा. माझा २००३ सालचा एक लेख मी नुकताच उघडून पाहिला. तो फाँट आता माझ्याकडे नाही. पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिखल, एक ओळ वाचता येईना. पोटात कालवलं. असे किती लेख, किती अहवाल, किती पुस्तकं शोधूनही सापडत नसतील!

भारतीय लिप्यांसाठीची इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी १९८६ पासून आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क आणि ख एकाच कळीवर. हीच मांडणी गुजरातीला, कन्नडलाही चालते. विंडोजमध्ये फुकट मिळते. तरी ती मागे राहिली, कारण शिकवणाऱ्यांचे हात टाइपरायटरवर घडले आणि त्यांनी तेच हात पुढच्या पोरांना दिले.

क्लास चालवणाऱ्यांनो, निदान या वर्षी नव्यानं येणाऱ्या मुलांना इनस्क्रिप्टवर बसवा. त्यांच्या बोटांना अजून कसलीच सवय लागलेली नाही.