शीशम पडलाय, गाडी काढा

मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी गाझियाबादचं आकाश पिवळं पडतं, कावळे एकदम गप्प होतात आणि राजस्थानची निम्मी माती आमच्या गच्चीवर मुक्कामाला येते. आँधी आली की सज्जन माणसं खिडक्या लावतात, वाळत घातलेले कपडे ओढून आणतात, इन्व्हर्टर चालतोय का बघतात. मी आणि खालच्या मजल्यावरचे सुभेदारसाहेब मात्र कान लावून बसतो. कुठेतरी कडाड् असा आवाज झाला की लगेच त्यांचा फोन येतो. ‘कविनगर की तरफ से आया. मोटा है. नीम नहीं है.’ सुभेदारसाहेबांची उभी नोकरी तोफखान्यात गेली. आवाजावरून दिशा, अंतर आणि घेर सांगणं हा त्यांच्या हातचा मळ आहे.

घरात पाइपचा गॅस आलेला, पेन्शन एक तारखेला जमा होणारं, अशा दोन म्हाताऱ्यांना पडलेल्या झाडांमागे धावायचं कारण काय? माझं कारण तांब्याचं आहे. पुण्याच्या तांबट आळीतून आजोबांनी ठोकून घेतलेला बंब वाटणीत माझ्याकडे आला. भावांनी फ्लॅट घेतले, मी बंब घेतला. गोवा एक्स्प्रेसने तो निजामुद्दीनला उतरवला तेव्हा पोलिसाने गोणपाटावर काठी आपटून विचारलं, ‘इसमें क्या है?’ मी तोंड उघडणार एवढ्यात ही घाईघाईने म्हणाली, ‘गीज़र है.’

इथे जानेवारीत पारा तीन-चार अंशांवर उतरतो. तेव्हा गच्चीवर बंब पेटवून, जरासा धुराचा वास लागलेल्या कढत पाण्याने आंघोळ करावी, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. सुभेदारसाहेबांना तीही नाही. त्यांना लाकूड नकोच आहे. त्यांच्याकडे मशीन आहे. मुरादनगरजवळच्या शेतातले पॉपलर तोडायला मुलाने 58 सीसीची, 22 इंची बारची चेनसॉ ऑनलाइन मागवून दिली. ती पोचेपर्यंत ठेकेदार उभे पॉपलर सौदा करून घेऊन गेला होता. तेव्हा मशीन आहे पण झाड नाही असे ते, आणि बंब आहे पण जळण नाही असा मी, अशी ही युती झाली. महाराष्ट्रातल्या गेल्या काही वर्षांतल्या कुठल्याही युतीपेक्षा ती जास्त टिकली आहे.

या मशीनचा इतिहास मी त्यांना एकदा ऐकवला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोघा स्कॉटिश डॉक्टरांनी दातेरी साखळीची करवत काढली, ती लाकडासाठी नाही, तर अडलेल्या बाळंतिणीचं ओटीपोटाचं हाड कापायला. झाडावर ती फार उशिरा आली. 1926 साली जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी विजेवर चालणारी काढली, तिचं वजन 48 किलो आणि धरायला दोन माणसं. सुभेदारसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘दो आदमी तो हम भी हैं.’ बाळंतिणीचा भाग त्यांनी आपल्या घरी सांगितला असावा, कारण त्या दिवसापासून भाभीजींनी मशीन घराच्या आत ठेवू दिलेलं नाही.

झाड पडल्याच्या जागी आम्ही पोचतो तेव्हा पहिला वाद होतो तो तेलाचा. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल किती घालायचं? पुस्तिका म्हणते पंचविसाला एक, सुभेदारसाहेब म्हणतात चाळिसाला एक. बाटली उजेडाकडे धरून आम्ही रंग बघत असतो, तोवर पलीकडच्या झुग्ग्यांमधल्या बायका येतात. हातात एकेक कोयती. बोलणं नाही, चालणं नाही. आमचा चोक ओढून, दोरीला हिसके देऊन मशीन खोकायला लागेपर्यंत झाडाच्या सगळ्या फांद्या भारे होऊन त्यांच्या डोक्यावर चढलेल्या असतात. त्यांच्या चुलीला ते लाकूड त्याच संध्याकाळी लागणार असतं, आमच्या बंबाला पुढच्या वर्षी. म्हणून फांद्यांवर पहिला हक्क त्यांचा, हे आम्ही मान्य केलं आहे. त्यांनी आमची मान्यता कधी मागितली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

उरला बुंधा. तो सरकारचा. उभ्या झाडाला हात लावायचा तर उत्तर प्रदेशात 1976 चा वृक्ष संरक्षण अधिनियम आडवा येतो. (महाराष्ट्रातला शहरी झाडांचा कायदा 1975 चा. एका वर्षाने का होईना, आपण पुढे आहोत.) झाड स्वतःहून आडवं झालं की ते कुठल्या खात्याचं, यावर कागद हलू लागतात, आणि रस्ता अडलेला असतो. मग रस्ता मोकळा करायला आलेला मुकादम इकडेतिकडे बघत म्हणतो, ‘बाऊजी, छोटा-मोटा उठा लो, रोड ख़ाली करो.’ ‘मोटा’ हा शब्द त्याने उच्चारला होता, असं सुभेदारसाहेब शपथेवर सांगायला तयार असतात.

एकदा हापुड रोडच्या बाजूला एक शीशम दोन टोकांवर टेकून मध्ये अधांतरी पडला होता. असलं लाकूड वरून कापत गेलं की मध्यावर खचतं आणि फट मिटते. सुभेदारसाहेब वरूनच कापत गेले. फट मिटली, बार आत, मशीन बंद. आता गाझियाबादमध्ये रस्त्यात काहीही अडकलं की तज्ज्ञ जमिनीतून उगवतात. ई-रिक्षा थांबल्या. मॉर्निंग वॉकवाले थांबले. एकाने सांगितलं मशीन चालू करून ओढा, दुसऱ्याने सांगितलं बंद करून ओढा, तिसरा फक्त ‘चाइनीज़ है, चाइनीज़ है’ म्हणत राहिला. शेवटी समोरचा चहावाला हात पुसत आला. कोळसे फोडायचा हातोडा त्याच्याकडे होताच. एका फांदीच्या तुकड्याला कोयतीने उतार देऊन त्याने पाचर केली, फटीत बसवली आणि मोजून दोन ठोके मारले. लाकूड कण्हल्यासारखं वाजलं आणि बार सुटला. ‘क्या दें?’ असं मी विचारताच तो सगळ्यात जाड ओंडक्यावर पाय ठेवून उभा राहिला.

घरी आणलेल्या लाकडाची पारख मात्र माझ्याकडे. सफेदा, म्हणजे आपला निलगिरी, फुकट म्हणूनसुद्धा महाग. त्याचे तंतू पिळलेले असतात, कुऱ्हाड आत जाते आणि आतच राहते. कडुनिंबाचा धूर डोळ्यांत कडवटपणा आणतो. पॉपलर भसाभस जळून चिमूटभर राख ठेवतो. आमच्या अंबरनाथच्या विमकोने याच पॉपलरची उत्तरेत लागवड वाढवली ती काडेपेटीच्या काड्यांसाठी. काडीपुरता जाळ एवढीच त्याची लायकी. हिंडनकाठची विलायती कीकर, आपली वेडी बाभूळ, जळायला नंबर एक, पण तिचा काटा आधी गाडीच्या टायरची परीक्षा घेतो. आणि शीशम! त्याचा निखारा सकाळी धरला तर दुपारी चहा होतो. पण शीशमचा ओंडका आला की सुभेदारसाहेब त्यावर हात फिरवून म्हणतात, ‘इसको जलाओगे? इसका तो पलंग बनता है.’ असे कितीतरी न झालेले पलंग आमच्या अंगणात रचलेले आहेत.

ओलं लाकूड जळत नाही, नुसतं रडतं. उभं चिरून, हवा खेळेल असं रचून ठेवलं तर वर्षभराने त्याच्या टोकांना तारांसारख्या भेगा पडतात, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की थप् असा आवाज न येता टण् असा येतो. मे महिन्यात पडलेलं झाड अशा रीतीने पुढच्या हिवाळ्यात टण् वाजायला लागतं. नेमका तेव्हाच ग्रॅप लागतो.

ग्रॅप म्हणजे हवा बिघडेल तसे टप्प्याटप्प्याने लागणारे निर्बंध. निर्देशांक दोनशेच्या वर गेला की पहिला टप्पा, तीनशेवर दुसरा, चारशेवर तिसरा, साडेचारशेच्या पलीकडे चौथा. हवेच्या बाबतीत आमच्या शहराला कमी लेखू नका. 2019 च्या जागतिक अहवालात जगातलं सर्वांत प्रदूषित शहर म्हणून गाझियाबादचा पहिला नंबर होता. दिल्ली मागे पडली होती, आणि त्या दिवशी आमच्या पार्कात काही चेहऱ्यांवर मी अभिमान पाहिला आहे. अशा हवेत उघड्यावर जाळ करणं बंद. सोसायटीच्या चौकीदारांनी शेकोटी पेटवू नये म्हणून त्यांना विजेचे हीटर द्यावेत, असाही दंडक आहे. आमच्या चौकीदाराला हीटर मिळाला. तो लावला की गेटचा दिवा मिणमिणतो, म्हणून तो हीटर समोर ठेवून, पण बंद करून, त्याच्याभोवती तळवे पसरून बसतो. इतक्या वर्षांची शेकोटीची सवय.

दुसरीकडे कडाक्याच्या थंडीत उत्तर प्रदेशात चौकाचौकांत सरकारी खर्चाने अलाव पेटतात. माझा त्यावर आक्षेप नाही, रस्त्यावर झोपणाऱ्याला निर्देशांक दाखवून ऊब येत नाही. पण सरकारी धूर बेघरांचा आणि माझा धूर नुसता नॉस्टॅल्जियाचा, हा फरक हिला पहिल्या दिवसापासून मान्य होता. ‘अहो, मास्क लावून बंब पेटवणारा जगातला पहिला माणूस तुम्ही होणार आहात का?’ असं तिने विचारलं, तेव्हा मी टण् वाजणाऱ्या ढलप्या पुन्हा रचून ठेवल्या.

रास अशी वाढत गेली. मग वसंतपंचमी आली. इथे त्या दिवशी चौकात होळीचा दांडा रोवतात आणि पोरं लाकडं जमवायला सुटतात. चारपाच जण शिस्तीत दारात येऊन उभे राहिले, ‘अंकल, चंदा या लकड़ी?’ मी साताऱ्याचा. शिमग्याला लोकांच्या परड्यातली लाकडं रात्री पळवायची असतात आणि मालकाने सकाळी फक्त शिव्या द्यायच्या असतात, परत मागायची नसतात, या धर्मात वाढलेला. मागून लाकूड नेणाऱ्या या पिढीची मला काळजीच वाटली. सुभेदारसाहेबांनी मात्र राशीपुढे उभं राहून एकेका ओंडक्याचा निवाडा केला. ‘यह नहीं. यह भी नहीं. यह पलंग है. हाँ, यह सफेदा ले जाओ.’

पोरं सफेदा घेऊन ‘थैंक्यू अंकल’ म्हणून गेली. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात बघतो तर शीशमचा एक तुकडा शिल्लक नाही, आणि दिलेला सफेदा कुणीतरी नीट परत आणून रचून ठेवलेला. मला भरून आलं. पिढी वाया गेलेली नव्हती.

सुभेदारसाहेब तरातरा चौकात गेले. रचलेल्या होळीतलं लाकूड परत काढणं अशुभ, हे त्यांना भाभीजींनी निघतानाच बजावलं होतं. शेजारणी पूजेची थाळी घेऊन आलेल्या, पोरं पळायच्या तयारीत. साहेबांनी ढिगाभोवती एक फेरी मारली. ओंडके वेडेवाकडे, आडवेतिडवे, एक तर रस्त्यात चांगला हातभर बाहेर आलेला. त्यांनी तो पायाने हलवून पाहिला, मान हलवली आणि मला फोन लावला.

‘भाईसाहब, मशीन ले आओ. और तेल चालीस पे बनाना, पच्चीस पे नहीं.’