चढलेलं नाही

"पुस्तक आहे काका, पण चढलेलं नाही."

खिडकीपलीकडचं पोरगं हे इतक्या सरळ मनानं बोललं की मीच ओशाळलो. जव्हारचा घाट उतरून, दोन एसट्या बदलून शहरातल्या त्या मोठ्या ग्रंथालयात मी गेलो होतो तो माझीच पुस्तिका बघायला. आमच्या जव्हारच्या शिरपामाळावरची, 64 पानी, 2013 सालची. कायद्याप्रमाणे पाठवली होती. पोचही आली होती. ती मी लॅमिनेट करून ठेवली आहे.

चढलेलं नाही म्हणजे दाखल रजिस्टरात नोंद नाही, अंक पडलेला नाही, कार्ड नाही, संगणकात तर नाहीच. पुस्तक इमारतीत आहे, दुसऱ्या मजल्यावर, सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यांपैकी एकात. पण ग्रंथालयात नाही. असला पेच वेदान्त्यांनाही पडला नसेल.

"मग चढवणार कोण?"

"चढवणारे साहेब रिटायर झाले."

"कधी?"

"मी लागायच्या आधी. मी कंत्राटी. मला नुसतं झटकायला ठेवलंय."

पुस्तकं ग्रंथालयाला पाठवण्याचा तो 1954 चा कायदा मी घरी येऊन पुन्हा वाचला. प्रकाशकानं 30 दिवसांच्या आत, स्वखर्चानं, नकाशे-चित्रांसह, नीट शिवलेली चांगली प्रत पाठवायची. नाही पाठवली तर 50 रुपयांपर्यंत दंड, वर पुस्तकाची किंमत. आणि ग्रंथालयानं काय करायचं? लेखी पोच द्यायची. बस्स. पुस्तकाची शिवण कायद्याला दिसली, पुढचा गठ्ठा दिसला नाही.

खिडकीवरचं पोरगं मात्र समजूतदार. तिथेच म्हणालं होतं, "बरंच झालं काका. तेव्हा चढलं असतं तर ठाणे जिल्ह्यात चढलं असतं." खरंच की! 1 ऑगस्ट 2014 ला आम्ही पालघर झालो. म्हणजे एक दुरुस्ती वाचली. आणखी थोडी कळ काढली तर पुढच्या विभाजनाचीही वाचेल.

गंमत अशी की आमच्या शिरपामाळाचं नावच चढवण्यावरून पडलं. 1664 च्या सुरत स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजानं त्यांना शिरपेच चढवला, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण. डोंगरातलं छोटं राज्य, पण काम जागच्या जागी झालं. आज असतं तर? शिरपेच आधी आवकेत घेतला असता. मग वर्गीकरण: दागिना, वस्त्र की भेटवस्तू? भेटवस्तू असेल तर वरून मार्गदर्शन मागवा. तुरा आणि मोती यांना मिळून एक दाखल अंक, की मोत्यागणिक वेगळा? चढवणाऱ्याचं पद रिक्त, अतिरिक्त कार्यभार कोठारावरच्या कारकुनाकडे, तो फक्त गुरुवारी येतो, आणि हा गुरुवार नेमका सुट्टीचा. आकृतिबंध मंजुरीला गेलेला. मावळे माळावर ताटकळलेले, घोड्यांचा दाणा संपलेला, आणि तिकडे सुरतेच्या सावकारांना बातमी लागून त्यांनी तिजोऱ्या सावकाश, याद्या करकरून हलवलेल्या. शेवटी महाराजच म्हणाले असते, "पोच द्या, आम्ही निघतो." आणि या जागेचं नाव पडलं असतं पोचमाळ.

ग्रंथालय हे वाढतं शरीर असतं, असं ग्रंथालयशास्त्राच्या 1931 सालच्या पाच सूत्रांपैकी शेवटचं सांगतं. वाढलं ना. पोट सुटलं आणि हात गळून पडले.

पण खरं सांगू? जव्हार-मोखाड्यात 'चढणे' हा शब्द हसण्यावारी नेता येत नाही. इथे वनपट्टा हातात पडतो आणि सातबाऱ्यावर नाव चढायला पुढचा जन्म बाकी राहतो. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जगायला जातात. पोरांची नावं पटावर चढलेली, पोरं भट्टीवर. तिथे नाव आहे, मूल नाही. इथे पुस्तक आहे, नाव नाही. 1992 साली इथल्या वावर-वांगणीत लेकरं कुपोषणानं गेली, तेव्हा गाड्यांमागून गाड्या हाच घाट चढून आल्या. समित्या आल्या, अहवाल झाले. कुठे आहेत ते? कुठल्या मजल्यावर, वरून कितव्या गठ्ठ्यात? लेकरं गेली ती गेली. त्यांच्यावर लिहिलेला कागद तरी मागितल्यावर हातात यावा, एवढीही लाज नसेल तर झटकायला तरी पोरगं कशाला ठेवलंय? तेही काढून टाका. नाहीतरी त्याला पगार दोन-दोन महिने मिळत नाही, आणि धूळ तर फुकट बसते, कायमस्वरूपी, विनातक्रार, पेन्शनही मागत नाही.

असो. रक्तदाब चढला. तो बरा वेळेवर चढतो.

त्या दिवशी ग्रंथालयातून निघताना पोरगं म्हणालं, "एवढ्या लांबून आलात, काहीतरी वाचून तरी जा. फॉर्म भरा. दाखल अंक लागतो पण." मला कुठला अंक माहीत? ठोकून 1664 लिहिला. पोरगं आत गेलं आणि पाच मिनिटांत पुस्तक घेऊन आलं. चढलेलं होतं, शिक्क्यासकट. कोंबडीपालनाचं.

शेवटच्या एसटीपर्यंत वाचत बसलो. खुडूक कोंबडीवरचं प्रकरण चांगलं आहे.