तीन राउटर आणि जांभ्याची भिंत

(कोकणातलं जुनं घर. पुढे ओटी, आत माजघर, वर माडी. मुंबईहून आलेला मुलगा माडीवर बसून कंपनीचं काम करतो; म्हणजे निम्मा वेळ काम आणि निम्मा वेळ "माझा आवाज येतोय का?" खाली गृहस्थ, गृहिणी, आणि बाइक अंगणात लावून आत आलेला नेटवाला.)

गृहस्थ : ये रे, बस. आधीच सांगतो, प्लॅन 100 एमबीपीएसचा आहे आणि घरात राउटर तीन. हिशेबाने 300 यायला हवेत.

नेटवाला : काका, राउटर कितीही लावा, बाहेरून 100 च येणार.

गृहस्थ : मग वरचे 200 गेले कुठे?

नेटवाला : ते आलेच नव्हते.

गृहिणी : पैसे मात्र गेले.

नेटवाला : कुठे कुठे लावलेत?

गृहस्थ : ओटीवरचा तुमच्या कंपनीचा. माजघरातला मी मागवला, चार अँटेनांचा. माडीवरचा मुलाने मुंबईच्या फ्लॅटमधून आणला. जिन्यात प्लगला खोचलेला एक रिपीटर आहे, पण तो मी धरला नाही. एवढासा तर आहे.

नेटवाला : माजघरातल्याची वायर वॅनच्या भोकात घातलीत.

गृहस्थ : वर "इंटरनेट" लिहिलं होतं. मला इंटरनेटच हवं होतं.

नेटवाला : म्हणून तो स्वतःला वेगळा समजतो. ओटीवरचा 192.168.1 चे पत्ते देतो, ह्याने मागे 192.168.0 चा आपला निराळा संसार थाटलाय. प्रिंटर कशावर आहे?

गृहस्थ : माजघरातल्यावर.

नेटवाला : आणि तुमचा लॅपटॉप?

गृहस्थ : ओटीवरच्यावर. मी ओटीवरच बसतो.

नेटवाला : मग लॅपटॉपला प्रिंटर दिसणारच नाही. मधे हा आडवा उभा आहे.

गृहिणी : म्हणून ह्यांना काही छापायचं झालं की लॅपटॉप उचलून माजघरात जायचं, छापायचं आणि परत ओटीवर यायचं.

गृहस्थ : मला वाटलं, प्रिंटरला माणूस जवळ लागतो.

नेटवाला : माडीवरचा कसा जोडलाय?

गृहस्थ : वॅन सोडून शेजारच्या भोकात. मुलगा म्हणाला, असंच लावतात.

नेटवाला : लॅनच्या भोकात घातली ते बरोबर. पण पुढचं काम तसंच राहिलंय. वरचाही 192.168.1.1, ओटीवरचाही 192.168.1.1, आणि पत्ते दोघंही वाटतायत.

गृहस्थ : वाटू देत की. आपल्याला काय त्रास?

नेटवाला : काका, समजा एका गावाला दोन तलाठी दिले. दोघांची दप्तरं वेगळी, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. एकाने 5 नंबरचा गट तुमच्या नावावर चढवला, दुसऱ्याने तोच गट तुमच्या चुलतभावाच्या.

गृहस्थ : (ताडकन उठून) चढवलाय! केस अजून चालू आहे!

नेटवाला : इथेही तेच. ओटीवरच्याने टीव्हीला शेवटी 5 चा पत्ता दिला, माडीवरच्याने दादाच्या लॅपटॉपला तोच दिला. दोन्ही एकदम चालू झाले की एक पडणार.

गृहिणी : म्हणजे मी मालिका लावली की ह्याची मीटिंग तुटते, ती ह्यामुळे? आणि मी बाई मीठमोहऱ्या ओवाळत होते.

गृहस्थ : एका तलाठ्याला निलंबित कर.

नेटवाला : निलंबित नको, दप्तर काढून घेऊ. पत्ते वाटण्याला डीएचसीपी म्हणतात. माडीवरच्यात तो बंद करायचा, त्याचा स्वतःचा पत्ता 192.168.1.2 करायचा, वायर लॅनमध्येच ठेवायची. मग तो मुकाट वायफाय देतो. माजघरातला नवा आहे, त्याच्या सेटिंगमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" आहे. तो निवडला की झालं.

गृहस्थ : म्हणजे चार अँटेना असून तो राउटर राहणारच नाही?

नेटवाला : राउटरचं काम घरात एकानेच करायचं.

गृहस्थ : हे खोक्यावर का लिहीत नाहीत?

नेटवाला : लिहिलं तर खोका कोण घेईल?

(हे अर्धसत्य आहे. आतल्या माहितीपुस्तिकेत ते छापलेलं असतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ह्या घरातली पुस्तिका डुगडुगत्या फ्रिजच्या पायाखाली आहे, आणि तिथे ती चोख काम करते.)

माडीवरून आवाज : बाबा! परत गेलं!

नेटवाला : तो रिपीटर आधी उपटा. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर पुढे सांगायचं, म्हणजे वेग निम्म्यावर. शिवाय लावलाय जिन्यात, जिथे सिग्नल आधीच मेलेला. मेलेला पुढे पाठवून काय उपयोग?

गृहस्थ : पण 5 गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं ना?

नेटवाला : असतं, पण भिंत आली की बसतं. ही तर जांभ्याची, दीड फुटी, आणि पावसात ओल धरलेली. पाणी सिग्नल खातं. 2.4 चं त्यातून थोडंफार तरी निघतं, पण ते हळू. आणि मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात चालतो.

गृहिणी : माझा मायक्रोवेव्ह बंद होणार नाही.

नेटवाला : नका करू, काकू. भिंत वायरीने ओलांडायची आणि प्रत्येक खोलीत तिथल्यापुरतं वायफाय सोडायचं. नावं काय दिलीत?

गृहस्थ : ओटीचं "ओटी", माजघराचं "अन्नपूर्णा", माडीचं "हात लावू नये".

नेटवाला : तिन्हींना एकच नाव, एकच पासवर्ड. 2.4 चे चॅनेल मात्र वेगळे द्यायचे, 1, 6 आणि 11. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. मग घरात फिरताना फोन जवळचा धरेल.

गृहस्थ : नक्की?

नेटवाला : बहुतेक. कुठला धरायचा ते शेवटी फोन ठरवतो. काही फोन चिवट असतात, माडीवर गेले तरी ओटी सोडत नाहीत.

गृहिणी : ओटी न सोडणारे आमच्याकडे आहेत.

नेटवाला : माडीवर गेलेली वायर खिडकीत चेपलीय, तीही बदलू. आत आठ तारा असतात. आठही शाबूत असतील तर 1000 एमबीपीएसपर्यंत जाते, चारच उरल्या तर 100 वर अडकते. उद्या प्लॅन वाढवलात तर पैसे ह्या खिडकीत अडकतील. कॅट 6 घेऊ, अस्सल तांब्याची. स्वस्तातली असते ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. 100 मीटरपर्यंत खुशाल न्या.

गृहस्थ : मग मांगरापर्यंत ने! कॅमेरा लावायचाय. काजूच्या बिया जातायत.

नेटवाला : मांगराला तांब्याची वायर अजिबात नको. बाहेर वीज कडाडली की उघड्यावरच्या तारेतून झटका आत येतो आणि राउटरपासून टीव्हीपर्यंत सगळं जळतं. तिथे फायबर टाकू, तीही आत लोखंडी आधारतार नसलेली. काचेतून वीज वाहत नाही.

गृहिणी : गेल्या वैशाखात टीव्ही असाच गेला. हे म्हणाले, कंपनी वाईट.

गृहस्थ : (खाकरून) बरं, आणि मेश कसं असतं? सहज विचारतोय.

(पलंगाखालून एक खोका हळूच पुढे सरकवतात. तीन नगांचा संच.)

गृहिणी : हे कधी आलं?

गृहस्थ : तू देवळात गेली होतीस तेव्हा.

नेटवाला : मेश वाईट नसतं. तिघं आपसांत जुळवून घेतात, नाव एक, सेटिंग एका ॲपमधून होतं. पण आपसांत बोलणार हवेतूनच, आणि मधली भिंत तीच. चांगलं चालवायचं तर ह्यांनाही वायर द्यावी लागेल. वायर टाकलीच, तर आहेत ते तीन काय वाईट आहेत?

गृहस्थ : परत घेतील का?

नेटवाला : सील शाबूत आहे. मुदत कधीपर्यंत?

गृहस्थ : उद्यापर्यंत.

नेटवाला : मग आजच पाठवा. त्या पैशांत घरभर पुरेल एवढी कॅट 6 येते, आणि वायरीला पासवर्ड लागत नाही.