पावसाची वर्गणी

गॉलवे, आयर्लंड

सौ. मासिक वर्गणीबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्र खुलं लिहितोय, कारण आपला पत्ता नाही. आपण राहता आमच्या मोबाइलात, जेवता आमच्या खात्यात, पण गाठायचं कुठे ते कुणालाच सांगता येत नाही.

वर्गणी मागणारे आम्ही लहानपणापासून पाहिलेत. गणपतीच्या आधी पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहायची. "मागच्या वर्षी किती लिहिले होते?" असं बाबा विचारायचे, घासाघीस व्हायची, एक्कावन्नवर मिटायचं. मग दहा दिवस भोंग्याचं तोंड थेट आमच्या खिडकीकडे. पैसे गेल्याचं आम्हाला कळायचं आणि गाणं आल्याचं सगळ्या आळीला. आपण मात्र गाण्यांच्या ॲपवरून तीन महिने फुकट म्हणून आलात आणि चौथ्या महिन्यापासून दर 14 तारखेला बारा युरो उचलू लागलात, तेही रात्री, घर झोपल्यावर. अशा वेळी पैसे नेणाऱ्याला आमच्या भाषेत वेगळा शब्द आहे, पण आपण पडलात सौभाग्यवती.

आम्ही उधळे आहोत असा आपला समज झाला असेल तर तो काढून टाकावा. या घरात सेंटचा हिशेब होतो. 2015च्या ऑक्टोबरपासून इथे रोखीचं बिल जवळच्या पाच सेंटांवर आणतात, कार्डावर मात्र पै न् पै घेतात. म्हणून बिल 22.32 झालं की मी रोख देतो, 22.33 झालं की कार्ड काढतो. दोन्ही वेळा दोन सेंट वाचतात. मागची रांग खोळंबते, तिचा हिशेब वेगळा. प्लास्टिकच्या पिशवीवर 22 सेंट कर आहे, म्हणून स्वयंपाकघराच्या खुंटीला जुन्या पिशव्यांनी भरलेली एक जुनी पिशवी लटकते. फेब्रुवारी 2024पासून प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 15 सेंट अनामत असते, अर्ध्या लिटरहून मोठं असलं तर 25. ती परत मिळवायची तर बाटली चेपलेली चालत नाही. त्यामुळे आमच्या गाडीच्या डिकीत मुख्यतः हवा प्रवास करते. परवा मांडून पाहिलं, आपले महिन्याचे बारा युरो भरून काढायला ऐंशी छोट्या बाटल्या एकेक करून यंत्राच्या तोंडात घालाव्या लागतील.

हा देश तसा आमच्याच वळणाचा. पाणी तापवायच्या इमर्शनच्या बटणावर 'सिंक' आणि 'बाथ' असे दोन पर्याय असतात आणि "इमर्शन बंद केलं का?" हा इथल्या आयांचा धोशा. माझी आई इथे आली तेव्हा तिला शेजारणीचं इंग्रजी कळलं नाही, पण हे वाक्य नुसत्या सुरावरून कळलं. क्रेडिट युनियन म्हणजे तर आपली पतपेढीच. नोरा हर्लिही नावाच्या शिक्षिकेने चार माणसं जमवून खटपट केली आणि 1958 साली डब्लिनमध्ये त्यांची सुरुवात झाली. आणि पैशाचं म्हणाल तर इथल्या नेहमीच्या युरो नाण्यांवर हार्प कोरलेली असते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेल्या जुन्या हार्पवरून ते चित्र घेतलं आहे. महिन्याच्या महिन्याला बारा नाणी तळहातावर मोजून द्यावी लागली असती, तर निदान बारा वाद्यं हाताला लागली असती. आपण तेवढाही स्पर्श होऊ देत नाही.

आता मुद्द्याचं. वर्ष संपता संपता आपण माझ्या ऐकण्याचा रंगीबेरंगी ताळेबंद पाठवलात. मी चष्मा पुसून उघडला. मनात होतं, किशोरीताई पहिल्या असतील की भीमसेनजी? पहिला होता पाऊस. दुसराही पाऊसच, पत्र्यावरचा. तिसरा धुलाई यंत्राचा आवाज.

आमची आठ महिन्यांची कन्या पावसाच्या आवाजाशिवाय झोपत नाही, हे मान्य. माझी आई कोकणातली. तिने ताळेबंद दोनदा वाचून घेतला आणि एवढंच विचारलं, "पावसाला पैसे?" मी समजावू लागलो. हीटिंग महाग, म्हणून खिडक्या दुहेरी काचेच्या. त्या घट्ट बंद, म्हणून बाहेरचा पाऊस ऐकू येत नाही. म्हणून स्पीकरवर पाऊस लावायचा. बोलता बोलता माझाच आवाज बारीक होत गेला. खिडकीबाहेर अटलांटिकचा अख्खा पाऊस फुकट कोसळत होता.

माझ्या आजीच्या काळी रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागे. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण लागे, आठवड्याला एक नवं गीत, अशी छप्पन्न. आजी सांगायची, पुढचं गीत येईपर्यंत आधीचं पाठ होऊन जाई. आपल्याकडे कोट्यवधी गाणी आहेत आणि एखादं गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं धरतात म्हणे. ख्यालात तेवढ्या वेळात तानपुऱ्याची खात्री पटते आणि गवई घसा साफ करतो. मी असे कित्येक गवई घसा साफ करताना सोडून पुढे गेलोय. ते सगळे आपल्या वहीत 'ऐकले' म्हणून जमा असतील.

तर, आपल्याला निरोप द्यायचं ठरलं. बायकोने खात्याचा उतारा काढला, तेव्हा आपल्या दोन सख्ख्या बहिणीही सापडल्या. एक मोबाइलच्या बिलात लपलेली, दुसरी भारतातल्या खात्यावर शे-दीडशे रुपयांत गुपचूप नांदणारी. दोघींची पाठवणी त्याच संध्याकाळी झाली. रात्री स्पीकर बंद केला आणि खिडकी चार बोटं उघडली. खरा पाऊस आत आला, थोडी थंडी आली, आईने शाल घेतली. कन्या पाच मिनिटांत झोपली. मी मनातल्या मनात बारा युरो मोजले.

वीस मिनिटांनी पाऊस थांबला आणि कन्या उठली. गॉलवेचा पाऊस दिवसातून दहा वेळा येतो, पण येण्यासाठी त्याला आधी जावं लागतं. रात्रभर तो आला, गेला, आणि प्रत्येक वेळी आम्ही तिघं आळीपाळीने पाळण्याशी उभे.

पहाटे चार वाजता आपली थोरवी मला कळली. पाऊस कुणीही देईल. न थांबणारा पाऊस मात्र आपल्याकडेच मिळतो. आणि न थांबणं ही विद्या आपल्याइतकी कोणाला साधली आहे?

आपण राहावं. एकच बदल केला आहे. दर 14 तारखेला बारा युरो आता वहीत हाताने लिहितो. 'करमणूक' या सदरात लिहायला गेलो, तर आईने वही ओढून घेतली आणि 'दूधवाला' याच्या खाली ओळ आखली. लेकराच्या तोंडाशी लागलेलं सगळं तिथेच मांडायचं, असा तिचा नियम.

लोभ आहेच, तो आणखी वाढू नये, ही विनंती.

आपला,
एक नियमित खातेदार